प्रकल्प नोंदी: टॉवेल कारखान्यातल्या कॉम्प्युटरांवरून ‘रूट’ उतरवताना

८ जानेवारी २०२५

सकाळी मामांचा फोन. “अगं, मास्तरांचा कॉम्प्युटर आत घेईना. पासवर्ड बरोबर आहे म्हणतात.” दुपारी अक्कलकोट रोडला कारखान्यात पोचले. पासवर्ड चुकीचा टाकला तर तो तसं सांगतो. बरोबर टाकला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच लॉगिनची खिडकी. मास्तर शेजारी हाताची घडी घालून उभे. “सकाळपासून पंधरा वेळा झालं. आत जातंय अन् परत येतंय, शटलसारखं.”

कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेले. तिथे लॉगिन लगेच झालं. म्हणजे खातं ठीक आहे. डिस्क भरली असेल ही माझी पहिली शंका, तीही खोटी निघाली, निम्मी रिकामी होती. मग होम फोल्डरातल्या लपलेल्या फाइल्सची यादी काढली आणि तिथेच सापडलं. ‘.एक्सऑथॉरिटी’ आणि ‘.आइसऑथॉरिटी’, दोन्हींच्या मालकाच्या रकान्यात मास्तरांच्या खात्याऐवजी ‘रूट’, म्हणजे लिनक्सचं सर्वाधिकारी ॲडमिन खातं.

‘.एक्सऑथॉरिटी’मध्ये एक गुप्त कुकी असते. ती दाखवली तरच एक्स सर्व्हर, म्हणजे पडद्याचा कारभार पाहणारा प्रोग्राम, तुमच्या प्रोग्रामला पडद्यावर खिडकी काढू देतो. दर लॉगिनला ही फाइल नव्याने लिहिली जाते. मास्तरांच्या सेशनला ती लिहिता येईना, म्हणून ते सुरू होता होताच मरत होतं. ‘चोन’ या मालक बदलायच्या आज्ञेने दोन्ही फाइल्स मास्तरांच्या नावावर केल्या, आणि डेस्कटॉप आला.

पण रूटच्या नावावरच्या फाइल्स तेवढ्याच नव्हत्या. ‘फाइंड’ने होममध्ये शोधल्या तर ६३ निघाल्या. लिब्रेऑफिसच्या (कॅल्क त्यातलंच) सेटिंगच्या फाइल्सही त्यात. म्हणजे गेल्या महिन्यात “कॅल्क उघडत नाही” अशी जी तक्रार होती आणि जी मी “रीस्टार्ट करा” म्हणून मिटवली होती, ती हीच.

हे झालं कसं? मास्तर काही बोलले नाहीत, फक्त मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. “परमिशन नाही असं आलं तर टर्मिनलमध्ये पुढे सुडो लावून चालवणे.” सुडो म्हणजे पुढची आज्ञा रूट म्हणून चालव. अक्षर माझंच.

९ जानेवारी

चिठ्ठीचा इतिहास आठवून लिहून ठेवते. या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट १९.३ आहे. मीच टाकलं होतं. त्याआधीच्या व्हर्जनवर ‘जीकेसुडो’ होतं. खिडकीवाला प्रोग्राम रूट म्हणून चालवायचा तर तेच वापरायचं, ‘सुडो’ नाही, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. पण २०१८ च्या उबुंटू १८.०४ या लिनक्समधून जीकेसुडो काढून टाकलं गेलं, आणि मिंट १९ त्याच पायावर उभं. मी घाईत होते, पर्याय शोधला नाही, चिठ्ठी चिकटवली आणि निघाले.

फरक एका व्हेरिएबलचा आहे, त्याचं नाव ‘होम’. त्यात तुमच्या घराचा, म्हणजे होम फोल्डरचा, पत्ता असतो. जुन्या उबुंटूत सुडो लावलं तरी ‘होम’ तुमचंच राहायचं. प्रोग्राम रूट म्हणून चालतोय, पण सेटिंग मास्तरांच्या घरात लिहितोय, आणि लिहिलेल्या प्रत्येक फाइलवर मालक म्हणून रूटचं नाव. उबुंटूने ही सवय १९.१० मध्ये बदलली. खात्री करायला दोन कॉम्प्युटरांवर ‘सुडो प्रिंटएन्व्ह होम’ चालवून पाहिलं. मास्तरांच्या १९.३ वर त्यांचंच होम आलं. ऑफिसातल्या वहिनींच्या मिंट २१ वर रूटचं.

म्हणजे वहिनींकडे ही भानगड होणार नाही. तिथे वेगळी होईल.

१६ जानेवारी

गड्ड्यामुळे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेमुळे, चार-पाच दिवस कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. माग सांभाळणारे जॉबर काका तर यात्रेच्या होम मैदानावरूनच कामाला येत असावेत, खिशात भेंडबत्तासे घेऊन.

आज सहाही कॉम्प्युटरांवर बसून एकच प्रश्न विचारला: तुम्हाला ॲडमिनचा पासवर्ड कधी लागतो? उत्तरं ऐकून कपाळाला हात लावला. मास्तरांना पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायला आणि डिझाइन कन्व्हर्टर चालवायला. वहिनींना लेबलचा प्रिंटर ‘पॉज्ड’ दाखवला की. गोडाऊनच्या मुलाला घड्याळ लावायला. मामांना सर्व्हरचा पत्ता बदलला की ‘होस्ट्स’ फाइल बदलायला, ते काम खरं तर माझंच, पण मी नसते. सगळे एकच पासवर्ड वापरतात. तो कॅलेंडरवर लिहिलेला आहे, नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर सुद्धा उतरवून घेतलाय, नीट, लाल पेनाने.

यातलं एकही काम असं नाही की ज्याला अख्खी खिडकी रूट म्हणून चालवावी. प्रत्येक ठिकाणी रूटची गरज आहे ती एका बारीकशा पायरीला. बाकी मेनू, बटणं, फॉन्ट, फाइल उघडायची पेटी, हे सगळं रूट म्हणून चालवणं म्हणजे बीमची एक गाठ मारायची म्हणून अख्खा माग उतरवणं.

१८ जानेवारी

मामांना दोन दिवस मागितले. “चालतंय की सगळं. कशाला हात लावतेस?” हा प्रश्न अपेक्षित होता, म्हणून प्रयोग तयार ठेवला होता.

वहिनींच्या कॉम्प्युटरवर टेक्स्ट एडिटर सुडोने उघडला. मग साध्या खात्याच्या टर्मिनलमध्ये ‘एक्सडूटूल’ या आपोआप टाइप करणाऱ्या प्रोग्रामला पाच सेकंद थांबून टाइप करायला सांगितलं, आणि मामांना म्हटलं, एडिटरच्या खिडकीवर क्लिक करून हात मागे घ्या. पाच सेकंदांनी एडिटरमध्ये आपोआप अक्षरं उमटली: “मामा, मी रूट आहे.” टाइप करणारा प्रोग्राम साध्या खात्याचा, अक्षरं पडली रूटच्या खिडकीत.

दुसरा प्रयोग ‘एक्सइनपुट’चा. साध्या टर्मिनलमध्ये कीबोर्डवर कान लावून बसवला आणि मामांना दुसऱ्या खिडकीत काहीही टाइप करायला सांगितलं. इकडे एकेका अक्षराचा आकडा पडत गेला: ३८ आला की ‘ए’, ३९ आला की ‘एस’. मामा आकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “बँकेचा पासवर्डही असाच दिसेल?” हो, असाच.

एक्स११ ची, म्हणजे त्याच एक्स सर्व्हरची, रचनाच अशी आहे. एकाच पडद्यावरच्या खिडक्या एकमेकींवर विश्वास ठेवतात, मालक वेगळा असला तरी. म्हणून त्या पडद्यावर रूटची खिडकी उघडली की साध्या खात्याचा कुठलाही भुरटा प्रोग्राम तिचा हात धरून लिहू शकतो. दोन दिवस मिळाले, वर चहाही.

२२ जानेवारी

पेन ड्राइव्हचं काम आधी घेतलं, कारण ते रोजचं.

आमच्या जेकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचा, कंट्रोलर फॅट३२ पद्धतीच्या ड्राइव्हशिवाय काही ओळखत नाही. बाजारातून आणलेला ६४ जीबीचा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये निघाला, की माग “डिस्क नाही” म्हणतो आणि जॉबर काका मास्तरांच्या नावाने ओरडतात. म्हणून मास्तर प्रत्येक ड्राइव्ह जीपार्टेड या डिस्क फॉरमॅट करायच्या प्रोग्राममध्ये घालतात. जीपार्टेड पूर्णच्या पूर्ण रूट म्हणून चालतं, आणि उघडल्यावर समोर पहिली डिस्क असते, म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची. ड्राइव्ह निवडायला वर उजवीकडच्या यादीत जावं लागतं. मास्तरांनी कबूल केलं की एकदा विसरले होते. जीपार्टेड सगळे बदल आधी रांगेत ठेवतं आणि ‘लागू करा’ म्हटल्यावरच हात घालतं, म्हणून वाचलो.

पर्याय आधीपासून मेनूत होता: ‘डिस्क्स’. तो साध्या खात्याने चालतो. मागे ‘यूडिस्क्स’ नावाची सेवा रूट म्हणून बसलेली असते आणि खिडकी तिला फक्त विनंती करते. विनंती मान्य करायची का हे पोलकिट ठरवतं, आणि त्याचा नियम फार शहाणा आहे. कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाने यूएसबीचा ड्राइव्ह फॉरमॅट करायला घेतला तर पासवर्ड विचारत नाही. आतल्या डिस्कला हात लावला तर विचारतं.

म्हणजे इतकी वर्षं मास्तर जे काम पासवर्ड टाकून करत होते, त्याला पासवर्ड लागतच नव्हता. आणि दोन्ही कामांना सारखाच पासवर्ड मागितला जात असल्यामुळे, जिथे सावध व्हायला हवं तिथेही त्यांचा हात सवयीने चालत होता.

जीपार्टेड काढून टाकलं. मास्तरांना डिस्क्समध्ये फॅटचा पर्याय दाखवला. दोन ड्राइव्ह करून मागाला लावले, चालले.

२३ जानेवारी

वहिनींचा प्रिंटर. कागद अडकला की लेबलचा प्रिंटर थांबतो आणि ‘पॉज्ड’ राहतो. त्या प्रिंटर सेटिंगची खिडकी सुडोने उघडून तो चालू करायच्या. त्यांना प्रिंटर सांभाळायची परवानगी असलेल्या ‘एलपीॲडमिन’ गटात टाकलं, लॉगआउट-लॉगिन करायला लावलं, संपलं. पाच मिनिटं. वहिनी म्हणाल्या, “एवढंच होतं तर आधी का नाही केलं?” उत्तर नव्हतं.

२९ जानेवारी

सगळ्यात चिवट निघाला तो डिझाइन कन्व्हर्टर. बॉर्डरचं चित्र घेऊन जेकार्डची फाइल करणारा जुना प्रोग्राम, मागासोबत आलेला. साध्या खात्याने उघडतो, पण सेव्ह करताना कोसळतो. देणाऱ्याने फोनवर तेव्हाच सांगितलं होतं, “ॲडमिन करून चालवा.”

आधी मी सरळ ‘पीकेएक्सेक’ (पोलकिटला विचारून प्रोग्राम रूट म्हणून चालवणारी आज्ञा) लावून पाहिलं. “डिस्प्ले उघडता येत नाही.” बरोबरच आहे, पीकेएक्सेक जवळजवळ सगळी व्हेरिएबल्स पुसून मगच प्रोग्राम सुरू करतं, त्यात पडद्याचा पत्ताही पुसला जातो. तो राखायचा असेल तर त्या प्रोग्रामसाठी पोलकिटची ॲक्शन फाइल लिहून तिच्यात ‘अलाउ जीयूआय’ला होकार द्यावा लागतो. तशी एक्सएमएल फाइल लिहिली, ‘पोलकिट-१’च्या ‘ॲक्शन्स’ फोल्डरात टाकली, पासवर्डची सुबक खिडकी आली, कन्व्हर्टर उघडला. मी खूश होऊन घरी.

३० जानेवारी

सकाळी मास्तर: “बॉर्डरची फाइल सेव्ह केली, पण कुठं गेली कळंना.”

फाइल रूटच्या घरात. पीकेएक्सेक प्रोग्राम सुरू करताना रूटच्या होम फोल्डरात जाऊन उभं राहतं, आणि या कन्व्हर्टरची फाइल सेव्ह करायची पेटी “आत्ता उभे आहोत ते फोल्डर” दाखवते. मास्तरांनी नेहमीप्रमाणे एंटर मारलं. त्या फोल्डरात मास्तरांना डोकावताही येत नाही. कालची खुशी उतरली. मी सुडोचा तोच गोंधळ जरा चांगल्या कपड्यात परत आणला होता.

मग मुळाशी गेले. साध्या खात्याने कन्व्हर्टर ‘एसट्रेस’खाली (प्रोग्राम सिस्टिमकडे काय काय मागतो ते ओळीओळीने दाखवणारं साधन) चालवला आणि तो कोसळला तिथून उलट वर वाचत गेले. ढीगभर ओळी, त्यातली एक कामाची: ‘ऑप्ट’मधल्या त्याच्याच फोल्डरातल्या ‘टेम्प’मध्ये तो फाइल तयार करायला गेला आणि परवानगी नाकारली गेली. एवढंच! सगळ्या कन्व्हर्टरला रूट हवा होता तो या एका ‘टेम्प’ फोल्डरासाठी. ‘डिझाइन’ नावाचा गट केला, मास्तर आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाला त्यात घातलं, ‘टेम्प’ त्या गटाच्या नावावर करून लिहायची परवानगी दिली. ॲक्शन फाइल पुसून टाकली. प्रोग्राम साध्या खात्याने उघडला, सेव्ह झाला, फाइल मास्तरांच्या फोल्डरात.

६ फेब्रुवारी

मामा आणि ‘होस्ट्स’ फाइल. इथे ‘सुडोएडिट’. हे फाइलची एक तात्पुरती प्रत करतं, ती तुमच्याच खात्याने एडिटरमध्ये उघडतं, आणि एडिटर बंद झाला की बदललेली प्रत मूळ जागी रूट म्हणून ठेवतं. एडिटरला रूटची चव लागतच नाही. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर मामा गडबडतात, म्हणून ‘सुडो एडिटर’ या व्हेरिएबलमध्ये नेहमीचा खिडकीवाला एडिटर दिला.

मामांनी फाइल बदलली, सेव्ह केली, आणि टर्मिनलवर आधीच येऊन बसलेलं: “फाइल बदललेली नाही.” दोनदा झालं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं. एडिटर आधीच एका खिडकीत उघडा असला की नवी आज्ञा फाइल त्याच्या हाती देते आणि स्वतः लगेच परतते. सुडोएडिटला वाटतं काम झालं. मामांनी सेव्ह करेपर्यंत तात्पुरती प्रत पुसून गेलेली. एडिटरच्या नावापुढे ‘वेट’चा स्विच जोडला, मग थांबायला लागलं.

कागदावर लिहून दिलं. यावेळी अक्षर नीट, आणि मजकूर दोनदा वाचून.

१४ फेब्रुवारी

मास्तरांचं १९.३ काढून मिंट २२ नव्याने टाकलं. १९.३ चे अपडेट २०२३ मध्येच थांबले होते, त्यामुळे हे आज ना उद्या करायचंच होतं.

गोडाऊनच्या कॉम्प्युटरवरही २२. तिथे घड्याळाची गोष्ट. त्याला नेट नाही, आणि लाइट गेली की तारीख मागे जाते. चलनावर चुकीची तारीख छापली जाते. म्हणून मुलगा रोज घड्याळ लावतो, आणि त्याला पासवर्ड लागू नये म्हणून जुन्या सिस्टिमवर मी पोलकिटचा एक ‘पीकेएलए’ नियम लिहिला होता. तीच फाइल पेन ड्राइव्हवरून नव्या सिस्टिमवर टाकली. ती ठेवायचं फोल्डरच नव्हतं, ते मी स्वतः तयार केलं. तिथेच शंका यायला हवी होती. नियम मुळी वाचलाच जात नव्हता, आणि चूक कुठे आहे हेही कोणी सांगत नव्हतं. नवीन पोलकिटला नियम हवेत जावास्क्रिप्टमध्ये, ‘रूल्स-डी’ फोल्डरात. पीकेएलए समजायला वेगळं पॅकेज लागतं. उबुंटू २२.०४ पर्यंत जुनी पद्धत होती, २४.०४ मध्ये नाही, आणि मिंट २२ त्या २४.०४ वर.

जावास्क्रिप्टचा नियम लिहायला बसले, चार ओळी झाल्याही. मुलगा मागे उभा होता. “ताई, घड्याळ मागं जातंय कशानं पण?”

मदरबोर्डचा सेल. नवीन आणून बसवला. घड्याळ जागच्या जागी. नियम पुसला.

२० फेब्रुवारी

मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याने चिमटा काढला: “तू एवढं पोलकिट-पोलकिट करतेस, पण त्याच पीकेएक्सेकमध्ये केवढं भोक होतं!” खरं आहे. ‘पनकिट’, त्याचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी २५ जानेवारी २०२२ ला जाहीर केलं. पीकेएक्सेक २००९ मध्ये जन्मलं तेव्हापासून ते भोक त्यात होतं. प्रोग्रामला एकही आर्ग्युमेंट, अगदी त्याचं स्वतःचं नावही, न देता सुरू केलं तर तो शेजारच्या मेमरीत, म्हणजे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्समध्ये, वाचायला आणि लिहायला जायचा, आणि तेवढ्यावरून साध्या खात्याला रूट होता यायचं. भोक बुजवलेलं आहे. पण भावाचं म्हणणं माझ्याच बाजूने जातं: सेटयूआयडी असलेलं, म्हणजे कोणीही चालवलं तरी मालकाच्या (बहुधा रूटच्या) हक्काने चालणारं, काहीही जितकं कमी वापरावं तितकं बरं. त्याला हे सांगितलं नाही, आधीच शेफारलेला असतो.

११ मार्च

मामांनी धाकट्या मुलीसाठी लॅपटॉप घेतला. त्यावर उबुंटू २४.०४, म्हणजे डेस्कटॉप एक्स११ ऐवजी नव्या वेलँडवर. उत्सुकता म्हणून ‘एक्सइनपुट’चा प्रयोग तिथे केला. वेलँडच्या खिडकीत टाइप केलं तर इकडे एकही आकडा पडला नाही. वेलँडमध्ये कोणत्या खिडकीला कळ द्यायची हे फक्त कंपोझिटर, म्हणजे खिडक्या मांडणारा प्रोग्राम, ठरवतो, शेजारणीला ऐकू जात नाही. पण एक्सवेलँडवर (वेलँडमध्ये एक्स११ चे प्रोग्राम चालवायची सोय) चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामांत ते आपसांत अजून ऐकतात, एवढी गळती आहेच.

तिच्या एका मित्राने तिला “रूटची खिडकी उघडत नसेल तर ‘एक्सहोस्ट प्लस’ मार” असं शिकवून ठेवलं होतं, आणि तिने ते स्टार्टअपमध्येच घातलं होतं. काढलं. नुसत्या प्लसने पडद्याचं दार कोणालाही सताड उघडं राहतं. अगदीच वेळ आली तर फक्त लोकल रूट युजरला परवानगी देता येते, आणि काम झाल्यावर ती काढून घेता येते.

४ एप्रिल

ऊन चाळिशीच्या वर. ऑफिसात कूलरचा आवाज इतका की फोन बाहेर जाऊन घ्यावा लागतो.

मास्तरांचा फोन: “ओ ताई, पेन ड्राइव्ह फॉरमॅटला पासवर्ड मागालंय. आजवर कधी मागितला नव्हता. टाकू?”

“थांबा. डावीकडच्या यादीत कुठल्या नावावर निळी पट्टी आहे?”

बराच वेळ नुसता कूलर ऐकू येत होता.

“सगळ्यात वरच्या. पाचशे जीबी.”

“कॅन्सल करा, मास्तर. खालचं घ्या.”